ग्लेंडा जॅक्सन चित्रपटमालिका, टिळकवाडी : निवड उत्तम, ओळख अर्धी

बेळगावात टिळकवाडीतील एका हौशी चित्रपट मंडळाने सभासदांसाठी आयोजित केलेली इंग्लिश अभिनेत्री ग्लेंडा जॅक्सन यांच्या चित्रपटांची मालिका नुकतीच संपली. वर्गणीच्या मानाने पदरात पुष्कळ पडले, मात्र बाईंची ओळख अर्धीच झाली.

निवड जाणकाराची होती. ज्यासाठी त्यांना पहिले ऑस्कर मिळाले तो 'विमेन इन लव्ह' आणि १९७१ चा 'संडे ब्लडी संडे' लागोपाठ दाखवल्यामुळे त्यांच्या अभिनयातला कोरडा करारीपणा ठळकपणे जाणवला; आपला प्रियकर आणखी कोणाचा तरी आहे हे ठाऊक असलेली स्त्री साकारताना त्या प्रेक्षकाकडे कीव मागत नाहीत. दुसरे ऑस्कर मिळवून देणारा 'अ टच ऑफ क्लास' मला त्यामानाने हलका वाटला. 'एलिझाबेथ आर' या बीबीसी मालिकेचा एकच भाग दाखवला, हे मात्र खटकले. राणीच्या भूमिकेसाठी कपाळावरचे केस भादरून घेणारी ही अभिनेत्री त्या व्यक्तिरेखेसह तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत कशी बदलत जाते, हे एका भागात कळणार कसे?

प्रास्ताविकात 'काही काळ राजकारणात होत्या' एवढ्यावर भागवले गेले. गवंड्याची ही मुलगी १९९२ ते २०१५ अशी सलग २३ वर्षे मजूर पक्षाची खासदार होती, २०१० मध्ये अवघ्या ४२ मतांनी निवडून आली आणि संसद सोडल्यावर, २०१६ मध्ये, ऐंशीच्या वयात लंडनच्या ओल्ड विक रंगमंचावर किंग लिअर म्हणून उभी राहिली. निवडणूक आणि नाटक या दोहोंवर तासन्‌तास वाद घालणाऱ्या आपल्या गावात हे सांगायचे नाही, तर कुठे सांगायचे? ते ठाऊक असते, तर शेवटी दाखवलेल्या 'द ग्रेट एस्केपर'मधली म्हातारी, जी त्यांच्या निधनानंतर पडद्यावर आली, अधिक भिडली असती.

सोयींचे म्हणाल तर सभागृहात आवाज घुमतो, त्यामुळे इंग्रजी उपशीर्षके नसलेल्या खेळात संवाद हरवले. कन्नडभाषक सभासद चांगल्या संख्येने येत असताना प्रास्ताविक केवळ मराठीत झाले. दोन्ही भाषांत छापलेले एक पान वाटले तरी पुरे. खेळ उशिरा सुरू झाल्याने खानापूर आणि निपाणीची मंडळी बससाठी शेवट सोडून उठत होती. हे सुधारले नाही तरी पुढच्या मालिकेची वर्गणी मी भरणार आहे. बाहेरगावच्यांनी मात्र आधी वेळ विचारून घ्यावी.