चलन-व्यवहारांवर कर: टोबिन, ब्राझील की रिझर्व्ह बँक?

चलनातली सट्टेबाजी रोखायला दर खरेदी-विक्रीवर कर लावावा, की दुसरा उपाय बरा? डॉलर ८५ रुपयांचा धरला तर ०.१ टक्का कर म्हणजे डॉलरमागे साडेआठ पैसे. वाटतात चिल्लर, पण बँकांच्या आपसांतल्या सौद्यांत खरेदी-विक्रीच्या भावातलं अंतर पैशाच्या आतबाहेरच असतं.

अमेरिकी अर्थतज्ज्ञ जेम्स टोबिन यांनी १९७२ मध्ये सुचवलेला, चलनाच्या दर सौद्यावरचा कर याच गणितावर उभा आहे. ०.१ टक्क्याने रोज घेऊन रोज विकणाऱ्याला २५० दिवसांत ५० टक्के भुर्दंड, वर्षभर पैसा ठेवणाऱ्याला फक्त ०.२. अडतं ते साखळीत. चाकणचा सुटे भाग पाठवणारा कारखानदार तीन महिन्यांनी येणारे एक लाख डॉलर आज बँकेला फॉरवर्डने, म्हणजे पुढच्या तारखेचा भाव आजच ठरवून, विकतो. बँक ती जोखीम दुसरीच्या गळ्यात घालते, दुसरी तिसरीच्या. चार सौदे झाले की ३४ हजार रुपये कर, आणि तो वळता होतो कारखानदाराच्या भावातून. पेमेंट लांबलं आणि फॉरवर्ड रोलओव्हर करावा, म्हणजे पुढच्या तारखेला ढकलावा लागला, की मीटर पुन्हा चालू. बँकांना सूट दिली तर सट्टेबाज त्यांच्याच आडून खेळणार. एकट्या भारताने कर लावला तर सौदे सिंगापूर-लंडनला जातील. रुपयाचे एनडीएफ सौदे (प्रत्यक्ष रुपये न देता फक्त भावातला फरक डॉलरमध्ये चुकवायचे) तिथे आजही होतातच. स्वीडनने १९८४ मध्ये शेअर-व्यवहारांवर कर लावला, बरीच उलाढाल लंडनला गेली, १९९१ मध्ये तो गुंडाळला.

ब्राझीलने दारातच नाका बसवला. २००९ मध्ये शेअर-रोख्यांत येणाऱ्या परकीय पैशावर २ टक्के, रोख्यांसाठी २०१० मध्ये ६. वसुली एकदाच, त्यामुळे साखळीचा त्रास नाही. पळवाट मात्र राहते: तोच पैसा थेट गुंतवणुकीचं (कंपन्या-कारखान्यांत घातलेल्या पैशाचं) लेबल लावून आत येतो. पैसा बाहेर पळायला लागला की नाका उलटा नडतो. २०१३ मध्ये रोख्यांवरचा कर काढावाच लागला.

रिझर्व्ह बँकेने करच टाळला. मे २०२४ पासून एक्स्चेंजवर, म्हणजे शेअर बाजारासारख्या खुल्या बाजारात, रुपयाचे वायदे करायला प्रत्यक्ष परकीय चलनाचं येणं-देणं हवं. दहा कोटी डॉलरपर्यंत कागद दाखवायचे नाहीत, पण व्यवहार खरा हवा. सट्टा आटला, सोबत उलाढालही. छोट्या निर्यातदाराला उघड भाव दिसणारा बाजार रोडावला, तो बँकेच्या दरावर आला.

आमचा कौल: पैशाचा लोंढा आत येत असेल तर ब्राझीलचा नाका, तोही तात्पुरता, देशातली सट्टेबाजी रोखायची तर नियम. टोबिन कर लंडन, न्यूयॉर्क, सिंगापूर एकत्र आले तरच. दर ०.००५ टक्के ठेवा म्हणणाऱ्यांना महसूल मिळेल, सट्टा थांबणार नाही. आणि गंमत म्हणजे पुण्याहून परदेशी शिकायला निघालेली मुलगी एक लाखाचं चलन घेताना साधारण १८० रुपये जीएसटी आजही भरते, म्हणजे ०.१८ टक्के. बँकांमधल्या चलनविक्रीला तो माफ आहे.