केमन आणि मॉरिशस: कर टाळण्याच्या दोन वाटा
कॅरिबियन समुद्रातल्या केमन बेटांवर प्राप्तिकर नाही, कंपनीकर नाही, भांडवली नफ्यावरही कर नाही. तिथली राजधानी जॉर्जटाउनमधल्या अगलंड हाउस या पाचमजली इमारतीच्या एकाच पत्त्यावर 2008 साली अमेरिकी सरकारी तपासणीत 18,857 संस्था नोंदलेल्या आढळल्या.

मॉरिशसचं तसं नाही. तिथे कर आहे. खरी किल्ली होती भारताशी झालेला 1982 चा करार. मॉरिशसच्या कंपनीला भारतातले शेअर विकून झालेल्या नफ्यावर कर लावायचा हक्क मॉरिशसचा, आणि मॉरिशस तो लावतच नसे. मग मुंबईच्या बाजारात येणारा पैसा मॉरिशसची राजधानी पोर्ट लुईचा वळसा घेऊन येई. 2016 मध्ये करार बदलला. 1 एप्रिल 2017 पासून घेतलेल्या शेअरांवर भारताचा हक्क आला.

मला मॉरिशसची वाट जास्त बोचते. तिथे आपणच सही करून हक्क सोडला होता, तोही तीस वर्षांहून अधिक काळ.