टोकियोत करी खायची तर कुठे: कोकोइची, गो गो की नाकामुराया?

टोकियोत चौथ्या दिवशी आपल्या माणसाला भात आठवतो. स्टेशनबाहेर कुठेतरी करीची पाटी दिसते आणि पाय आपोआप वळतात. पण ही करी जपानला आपल्याकडून गेलेली नाही. मेजी काळात (एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात) ती ब्रिटिशांकडून गेली, तयार करी पावडरीच्या डब्यातून. मैदा चरबीत परतून दाट केलेली, तपकिरी, गोडसर. माझ्या सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि विचारलं, "पिठल्यात गूळ कुणी घातला गं?" तक्रारच होती ती, पण याहून नेमकं वर्णन मला अजून सुचलेलं नाही. पिठलं-भाताच्या मनाने जा, आवडेल. कोल्हापुरी रश्श्याच्या आशेने गेलात तर चिडचिड होईल.

घरातलं सगळं खटलं बरोबर असेल तर सरळ कोकोइची गाठा. 1978 साली आइची प्रांतात सुरू झालेली ही साखळी आता जपानभर आहे; आपल्याकडे गुरुग्रामलाही 2020 मध्ये आली. इथे ताट आपण जुळवायचं. भात ग्रॅममध्ये सांगायचा, तिखटाची पायरी निवडायची, वर पालक, वांगं, चीज, क्रोकेट (बटाट्याचं कटलेट), कात्सु (पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेलं मांस) काय हवं ते. पाचवी पायरी खाल्ली नसेल तर त्यापुढची मागू नका, असं मेन्यूतच बजावलेलं असतं. हे वाचून आपल्यातला एक तरी मर्द मराठा पेटतोच. पेटू नका. वरच्या पायऱ्यांवर नुसता जाळ वाढतो, मसाल्याची चव नाही. शिवाय त्याचे जादा पैसे पडतात. तिसरी घ्या आणि टेबलावरच्या डबीतला तिखट मसाला वरून भुरभुरवा. शेजारीच फुकुजिनझुके नावाचं लालसर, गोड, कुरकुरीत लोणचं असतं. मुळा, वांगं, कमळकाकडी असं काहीबाही त्यात असतं. तोंडी लावायला झकास.

शाकाहारी मंडळींनी मात्र एका शब्दावर डोळा ठेवायचा. 'यासाई करी' म्हणजे भाज्यांची करी, पण रस्सा बहुतेक वेळा डुकराच्या नाहीतर गाईच्या मांसाच्या अर्काचाच. एका दुकानात (नाव नको) मी 'यासाई' वाचून बिनधास्त मागवली, आणि अर्धं ताट संपल्यावर शेजारच्या जपानी बाईंनी हळूच सांगितलं. सासूबाईंनी चमचा खाली ठेवला तो तिथेच. कोकोइचीत प्राणिजन्य घटक न घातलेला वेगळा रस्सा मिळतो, त्याला 'बेजी करी' म्हणतात. प्रत्येक शाखेत असेलच असं नाही, म्हणून बसण्याआधी विचारायचं. तळणाची कढई आणि भांडी वेगळी असतील ही अपेक्षा मात्र ठेवू नका. कडक पाळणाऱ्यांनी या तिन्ही ठिकाणांचा नाद सोडून निशी-कासाईकडे वळावं. तिथे भारतीय वस्ती मोठी आहे, आपलं जेवण मिळतं.

गो गो करी अगदी उलट्या स्वभावाची. 2004 मध्ये शिंजुकूत पहिलं दुकान निघालं, पण घराणं जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कानाझावा शहराचं. रस्सा काळपट आणि इतका घट्ट की ताट तिरकं केलं तरी सावकाश सरकतो. स्टीलचं ताट, बारीक चिरलेला कच्चा कोबी, वर डुकराच्या मांसाचा कात्सु आणि त्यावर गडद सॉसच्या रेघा, खायचं काट्याने. यंत्रातून तिकीट काढा, बसा, खा, उठा. 'गो गो' म्हणजे 55, बेसबॉलपटू हिदेकी मात्सुई यांच्या पाठीवरचा आकडा. तेही त्याच भागातले. पोर्क चालत असेल आणि एकटेच हिंडत असाल, तर मी डोळे मिटून हेच सांगेन. कोबी घासाघासाला मध्ये येतो म्हणूनच ते जड जेवण शेवटपर्यंत जातं. शाकाहारी माणसाने इथे फक्त फोटो काढायला यावं.

नाकामुरायाची गोष्ट निराळी. क्रांतिकारक रासबिहारी बोस 1915 मध्ये जपानला निसटले, तेव्हा शिंजुकूतल्या या बेकरीच्या मालकांनी त्यांना लपवलं. पुढे ते त्यांचेच जावई झाले. बाजारातली पिठाळ करी त्यांना पटत नव्हती. 1927 मध्ये दुकानाने भोजनालय काढलं तेव्हा त्यांनी भारतीय पद्धतीची करी तिथे आणली, हाडासकट कोंबडीची. इतरत्र 10-12 सेनला (सेन म्हणजे येनचा शंभरावा भाग) मिळणारी ताटली इथे 80 सेनला होती. आजही ती मिळते, रस्सा वेगळ्या भांड्यात, भात वेगळा. बिलही बाकीच्या दोघांच्या जवळजवळ दुप्पट. चव बेताची सौम्य. खरं सांगायचं तर आईच्या हातच्या कोंबडीपुढे टिकणार नाही. तरी मी दोनदा गेले.

एकाच जेवणाची सवड असेल आणि बरोबर वडीलधारी माणसं असतील, तर कोकोइची. मुलांसाठी कमी भाताचं ताट सांगा, तिखट अजिबात नको म्हणा. आणि पांढरा सदरा घालून जाऊ नका. हा रस्सा वाळला की धुतल्यावरही पिवळा डाग उरतो, हळद ती हळदच.