सुवर्णभूमीच्या तळघरातील ‘सुपररिच’: बँकॉकमध्ये बाथ कोठे घ्यावेत

बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर सामान घेऊन बाहेर पडले की समोरच चलन बदलून देणाऱ्या बँकांच्या खिडक्या दिसतात आणि रात्रभराच्या प्रवासाने दमलेली मंडळी खिशातील सगळे डॉलर तेथेच देऊन मोकळी होतात. गेल्या हिवाळ्यात आम्ही घरचे पाच जण गेलो, तेव्हा मी त्या खिडकीवरील दर फक्त वहीत टिपून घेतला आणि सरकत्या जिन्याने तळघरात उतरलो. शहरात जाणारी एअरपोर्ट रेल लिंक जेथून सुटते, तेथे चलन बदलून देणाऱ्यांची छोटी छोटी दुकाने ओळीने आहेत आणि त्यांत ‘सुपररिच’ आहे. वरच्या आणि खालच्या दरात डॉलरमागे दीड बाथाहून (बाथ म्हणजे थायलंडचे चलन) अधिक फरक होता. आमच्याजवळ १,२०० डॉलर होते, म्हणजे दोन मजले उतरण्याच्या कष्टाचे आम्हाला १,८०० बाथांहून अधिक मिळाले.

या नावाच्या एकाहून अधिक स्वतंत्र कंपन्या आहेत, हे आधी माहीत असलेले बरे. हिरव्या फलकाची ‘सुपररिच थायलंड’ आणि नारिंगी फलकाची ‘सुपररिच १९६५’ या त्यांतील मुख्य. दोघींच्या दरांत फरक असतो तो काही सतांगांचा (सतांग म्हणजे बाथाचा शंभरावा भाग), त्यामुळे रांग जिकडे लहान तिकडे उभे राहावे. शहरात राजदमरी रस्त्यावर, सेंट्रल वर्ल्ड या मॉलच्या समोरच्या बाजूला, दोघींच्या मोठ्या शाखा आहेत आणि चित लोम स्थानकावरून तेथे चालत जाता येते. मी तेथेही जाऊन दर पाहिला, पण तळघरातील दराच्या तुलनेत त्या फेरीसाठी अर्धी सकाळ घालवावी इतका तो चांगला नव्हता.

मला हे दुकान आवडले ते एका कारणासाठी. ‘कमिशन नाही’ असे तर सगळेच लिहितात, पण चलन बदलणाऱ्याची खरी कमाई खरेदीच्या आणि विक्रीच्या दरांमधील अंतरात असते. येथे दोन्ही दर फलकावर शेजारी शेजारी लावलेले असतात आणि डॉलरच्या बाबतीत ते अंतर खरोखरच अगदी कमी आहे. कोणत्याही देशात, कोणत्याही खिडकीसमोर उभे राहिल्यावर आधी हे अंतर पाहावे, कारण ते जितके मोठे तितके आपले नुकसान मोठे. याच फलकावर रुपयाची ओळ पाहिली तर दोन दरांमधील दरी डोळ्यांत भरते. म्हणूनच पाचशेच्या नोटा घेऊन जाऊन तेथे बाथ घेणे मला पटत नाही; शिवाय भारतातून बाहेर जाताना २५,००० रुपयांपेक्षा अधिक भारतीय चलन नेता येत नाही.

तेव्हा अर्धी बचत पुण्यातच करायची असते. डॉलर घेताना दोन-तीन ठिकाणी फोन करून दर विचारावा, आणि तो वस्तू व सेवा करासह हाती पडणारा अंतिम दर असावा. एक लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेच्या एक टक्क्यावर १८ टक्के कर लागतो, म्हणजे ५०,००० रुपयांवर ९० रुपये. कर म्हणून याहून अधिक आकारले जात असेल तर हिशोब मागावा. नोटा १०० डॉलरच्याच मागाव्यात, कारण ‘सुपररिच’मध्ये लहान नोटांना कमी दर मिळतो, हे फलकावर वेगळ्या ओळीत स्पष्ट लिहिलेले असते. पुण्यातील एका चलनविक्रेत्याने आम्हाला दिलेल्या नोटांपैकी एकीवर शाईचा छोटा शिक्का होता. तळघरातील मुलीने ती नम्रपणे परत केली आणि ती तशीच घरी आणावी लागली. दुकानातून निघण्यापूर्वी प्रत्येक नोट उजेडात धरून पाहिली असती तर हे टळले असते. मूळ पारपत्र जवळ असावेच, ते पाहिल्याशिवाय व्यवहार होत नाही.

सगळे पैसे रोख नेण्याचा आग्रह मी धरणार नाही. हॉटेलचे आणि मोठ्या दुकानांचे पैसे फॉरेक्स कार्डाने, म्हणजे आधीच परकीय चलन भरून घेतलेल्या कार्डाने, देणे सुरक्षित आहे. मात्र थायलंडच्या एटीएमवर परदेशी कार्डाला प्रत्येक वेळी किमान २२० बाथ शुल्क पडते, त्यामुळे तेथून थोडे थोडे पैसे काढणे फार महाग जाते. नेहमीच्या डेबिट किंवा क्रेडिट कार्डावर आपल्या अनेक बँका साडेतीन टक्के अधिभार आणि त्यावर कर घेतात; १०,००० रुपयांच्या खरेदीवर हे ४१३ रुपये होतात. यंत्राने ‘रुपयांत द्यायचे की बाथांत’ असे विचारले तर बाथच निवडावेत. रुपये निवडले की दर ठरवण्याचा अधिकार त्या यंत्रवाल्याकडे जातो आणि तो स्वतःचा नफा त्यात धरूनच ठरवतो.

परतताना आमच्याजवळ थोडे बाथ उरले होते. ते पुण्यात विकण्यापेक्षा त्याच तळघरात देऊन डॉलर घेतले, आणि तेथील दोन दरांमधील अंतर कमी असल्यामुळे नुकसान फारसे जाणवले नाही. नाणी मात्र ते घेत नाहीत. ती आम्ही वर जाऊन पाण्याच्या बाटल्यांवर संपवली.