कुत्र्याला घाबरणारे पाहुणे येत असतील तर: भिंतीत स्क्रू न ठोकता बसणारं सेफ्टी गेट

‘काही करत नाही तो’ असं कुत्रा पाळणारा म्हणतो, तेव्हा घाबरलेल्याला ऐकू येतं ते एवढंच, की माझ्या भीतीला इथे किंमत नाही. कुत्र्याला खोलीत कोंडावं, तर यजमानाला सल. जवळच्या माणसांचं येणं अशानेच कमी होत जातं. दाराच्या चौकटीत दाबाने बसणारं धातूचं गेट हा पेच बऱ्यापैकी सोडवतं, पण ते नीट निवडून नीट बसवलं तरच.

खोक्यातून काढल्यावर दार आणि खिटी यांच्यात फट दिसते. सदोष समजून परत पाठवू नका. या गेटला वरची आडवी पट्टी नसते. चार कोपऱ्यांतले स्क्रू आवळले की चौकट आत दबते आणि खिटी जुळते. आधी खालचे दोन, मग वरचे, दोन्ही बाजूंना सारखे. या स्क्रूंची टोकं ज्यात बसतात त्या सोबतच्या छोट्या वाट्या भिंतीला लावाच. त्या नसतील तर दांडगा कुत्रा अंग टाकतो तेव्हा गेट सरकतं. जिन्याच्या वरच्या तोंडाशी मात्र हे चालत नाही, तिथे भिंतीत स्क्रूने पक्कं केलेलंच हवं.

लॅब्रॅडॉरच्या आकाराच्या कुत्र्याला 75 सेंमी उंची अपुरी. 100 सेंमीच्या आसपासचं घ्या. त्याने उडी मारली नाही तरी मागच्या पायांवर उभं राहून तोंड वरून बाहेर काढलं, की पाहुण्याचा धीर संपला. पिल्लू असेल तर गजांमधलं अंतर मोजा, डोकं गेलं तर अंगही जातं.

सगळ्यात जास्त चूक होते ती जागेत. बैठक आणि शौचालय, दोन्ही पाहुण्याच्या बाजूला आली पाहिजेत. उठायचं झालं तर कुत्र्याजवळून जावं लागेल या धास्तीने माणूस तासभर खुर्चीला खिळून बसतो आणि पुढच्या वेळी येत नाही.

पाहुणे येतील त्याच दिवशी गेट पहिल्यांदा लावू नका. आठवडाभर आधीपासून रोज पाच-दहा मिनिटं, चघळायला काहीतरी देऊन, कुत्र्याला पलीकडे ठेवा. तुम्ही अलीकडे दिसत राहा. तरी काही कुत्री माणसं दिसतात पण पोहोचता येत नाही म्हणून जास्तच भुंकतात. तेव्हा गजांवर जाड कापड बांधा. एवढ्याने भागलं नाही, तर त्या कुत्र्यासाठी बंद खोलीच बरी, आणि त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही.

गेट उघडायचं की नाही हे पाहुण्यानेच ठरवायचं. ‘जरा हात तर लाव’ असा आग्रह मुळीच नको.

खरा दोष एकच: तळाची पट्टी. दोन-तीन सेंमी उंच असते आणि वयस्कर माणसं तिला अडखळतात. तिच्यावर भडक रंगाची टेप लावा. वापराने स्क्रू सैल पडतात, म्हणून कोणी यायच्या आधी गेट धरून जोरात हलवून पाहा आणि लागतील तेवढे आवळा.