एडीएचडी की चिंताविकार?
गणिताच्या वहीसमोर अर्धा तास बसूनही एकच उदाहरण सोडवणारी दोन मुले वरवर सारखीच दिसतात. पण एकाचे लक्ष पंख्याच्या आवाजाकडे, खिडकीतल्या कावळ्याकडे आपसूक ओढले जाते, तर दुसरे ‘चुकले तर?’ या धास्तीने लिहिलेले पुन्हा पुन्हा खोडत असते. पहिल्याला एडीएचडी (लक्ष टिकवणे आणि चंचलता आवरणे कठीण जाणारा विकार) असू शकतो, दुसऱ्याला चिंताविकार. माझ्या मते ‘कधीपासून?’ हा प्रश्न सर्वांत उपयोगी आहे: डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदान-पुस्तिकेनुसार एडीएचडीची अनेक लक्षणे वयाच्या १२ वर्षांपूर्वीच, आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात, चिंताविकार मात्र कोणत्याही वयात सुरू होऊ शकतो. दोन्ही एकत्र असणेही दुर्मीळ नाही, कारण विसराळूपणापायी रोज बोलणी खाणाऱ्या मुलाच्या मनात पुढे धास्तीही घर करू शकते.