जामीनपात्र वॉरंट की अजामीनपात्र? धनादेशाच्या खटल्यात काय मागावे आणि नमुना कसा भरावा

धनादेश न वटल्याच्या खटल्यात समन्स निघते, तारीख पडते, आरोपी येत नाही, पुन्हा तारीख पडते. आणि तिसऱ्या-चौथ्या तारखेला फिर्यादी आपल्या वकिलांना विचारतो की, आता सरळ अजामीनपात्र वॉरंटच का काढून घेऊ नये? प्रश्न रास्त आहे, कारण पैसे त्याचे अडकलेले असतात आणि हेलपाटेही त्यालाच पडतात. तालुक्याच्या न्यायालयात अनेक वर्षे असे खटले चालवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, कोणते वॉरंट मागायचे हे आधीची आदेशिका (म्हणजे समन्स किंवा वॉरंट) बजावणीचा कोणता शेरा घेऊन परत आली यावरून ठरवावे, आणि एकदा ते ठरले की अर्जातील युक्तिवादापेक्षा नमुन्यातील मोकळ्या जागांकडे अधिक लक्ष द्यावे.

दोन्ही वॉरंटांचा नमुना एकच असतो, हे पुष्कळ पक्षकारांना ठाऊक नसते. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या दुसऱ्या अनुसूचीत तो नमुना क्रमांक ३ आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तोच क्रमांक २ होता. नवी संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आली असली, तरी त्यापूर्वीच प्रलंबित असलेले खटले कलम ५३१ नुसार जुन्या संहितेप्रमाणे चालतात. म्हणून आपला खटला कोणत्या तारखेचा आहे हे पाहूनच वॉरंटावर जुन्या संहितेचे कलम ७० लिहायचे की नव्या संहितेचे कलम ७२, हे ठरवावे. नमुन्याच्या वरच्या भागात वॉरंट कोणाच्या नावे काढले आहे, आरोपी कोण, राहणार कुठला आणि गुन्हा कोणता, इतकेच असते. खाली एक शेरा असतो, त्याचा आशय असा: सदर इसमाने स्वतःचे अमुक रुपयांचे बंधपत्र (लेखी हमी) आणि अमुक रुपयांचा एक किंवा दोन जामीनदार देऊन अमुक तारखेस न्यायालयात हजर राहण्याची व पुढे आदेश होईपर्यंत हजर राहत जाण्याची हमी दिल्यास त्यास सोडून द्यावे. नव्या संहितेच्या कलम ७३ प्रमाणे हा शेरा पूर्ण भरला की वॉरंट जामीनपात्र होते, आणि शेरा नसला की तेच वॉरंट अजामीनपात्र ठरते. रोजनाम्यात, म्हणजे खटल्याच्या तारीखवार नोंदींत, पाच हजारांच्या जामीनपात्र वॉरंटाचा आदेश असूनही नमुन्यातला हा भाग कोरा राहिला, तर हवालदाराच्या हातात पडणारा कागद अजामीनपात्र वॉरंटाचाच असतो, आणि त्यावरून झालेली अटक आदेशाच्या पलीकडची ठरते.

आता प्रत्यक्ष परिणाम पाहू. जामीनपात्र वॉरंट घेऊन पोलीस आरोपीकडे जातात, त्याच्याकडून बंधपत्र आणि जामीनदार घेतात, त्याला सोडतात आणि ते बंधपत्र न्यायालयाकडे पाठवतात. आरोपीला तारीख कळल्याचा सहीनिशी पुरावा फिर्यादीला मिळतो, आणि त्यानंतरही तो आला नाही तर बंधपत्राची रक्कम जप्त करण्याचा आणि पुढचे कडक पाऊल मागण्याचा मार्ग मोकळा होतो. अजामीनपात्र वॉरंटात पोलिसांनी आरोपीला वॉरंटाचा आशय सांगून, आणि त्याने मागितल्यास वॉरंट दाखवून, अटक करायची असते व प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यायालयासमोर उभे करायचे असते. धाक मोठा असला, तरी त्यासाठी पोलिसांचे मनुष्यबळ लागते आणि पोलीस ठाण्याच्या रोजच्या कामात धनादेशाच्या खटल्यातले वॉरंट सहसा मागे पडते. शिवाय आरोपी कित्येकदा वकिलामार्फत वॉरंट रद्द करण्याचा अर्ज घेऊन स्वतःच हजर होतो, किरकोळ खर्च भरतो आणि सुटतो. फिर्यादीच्या दृष्टीने हेही हजर होणेच आहे. फक्त पहिल्या दिवसापासून अटकेची जी अपेक्षा त्याने मनात धरलेली असते, ती पुरी होत नाही.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १३८ चा, म्हणजे धनादेश न वटण्याचा, गुन्हा जामीनपात्र आहे. वॉरंट अजामीनपात्र निघाल्याने गुन्हा अजामीनपात्र होत नाही. समजा, खटला सांगलीत आहे आणि आरोपी सुरतेत राहतो. तिथे अटक झाल्यावर, वॉरंट काढणारे न्यायालय अटकेच्या जागेपासून ३० किलोमीटरच्या आत नसल्यामुळे, त्याला सामान्यतः तिथल्याच दंडाधिकाऱ्यासमोर किंवा वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यासमोर नेले जाईल; आणि गुन्हा जामीनपात्र असल्याने तो जामीन द्यायला तयार असेल, तर नव्या संहितेच्या कलम ८३ नुसार त्याचा जामीन घ्यावाच लागेल. म्हणजे लांबच्या आरोपीच्या बाबतीत दोन्ही वॉरंटांचा शेवट बराचसा सारखाच होतो, आणि अजामीनपात्र वॉरंटासाठी झगडण्यात घालवलेल्या दोन तारखा वाया जातात.

न्यायालयाचा कलही याच क्रमाने जातो. इंदर मोहन गोस्वामी विरुद्ध उत्तरांचल राज्य या २००७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आधी समन्स, मग जामीनपात्र वॉरंट आणि त्यानंतर अजामीनपात्र वॉरंट असा क्रम सांगितला. व्यक्ती स्वतःहून हजर राहणार नाही असे मानण्यास सबळ कारण असेल, समन्स बजावण्यासाठी ती पोलिसांना सापडत नसेल किंवा तिला ताब्यात न घेतल्यास कोणाला इजा होण्याची भीती असेल, तेव्हाच अजामीनपात्र वॉरंट योग्य, असे तिथे म्हटले आहे. त्यामुळे समन्स बजावल्याची पोच नसताना थेट अजामीनपात्र वॉरंटाचा अर्ज दिला, तर तो फेटाळला जाण्याचीच शक्यता अधिक, आणि माझ्या मते ते योग्यही आहे. याउलट समन्स स्वतः स्वीकारून, जामीनपात्र वॉरंटावर बंधपत्र लिहून देऊनही आरोपी गैरहजर असेल, तर पुन्हा जामीनपात्र वॉरंट मागत बसण्यात अर्थ नाही. आरोपी फरार असल्याचा किंवा लपून बसल्याचाच अहवाल आला, तर नव्या संहितेच्या कलम ८४ ची उद्घोषणा, म्हणजे हजर राहण्याचा जाहीर हुकूम, हा पुढचा टप्पा आहे. तिच्यात हजर राहण्यासाठी किमान ३० दिवस द्यावे लागतात आणि ती वॉरंट निघाल्यावरच करता येते.

नमुना भरण्याविषयी मात्र सविस्तर बोलायला हवे, कारण माझ्या अनुभवात सर्वाधिक वॉरंटे इथेच अडतात. माझ्या हातून सुरुवातीच्या काळात गेलेल्या एका वॉरंटावर आरोपीचे फक्त नाव आणि आडनाव होते, आणि पत्ता म्हणून ‘शिवाजीनगर’ व तालुक्याचे नाव. महिन्याभराने ते परत आले: ‘सदर नावाचे तीन इसम मिळून आले, नेमका कोण याचा बोध होत नाही.’ दोष पोलिसांचा नव्हता. तेव्हापासून मी आरोपीचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, अंदाजे वय, धंदा, घर क्रमांक किंवा ठळक खूण आणि मुख्य म्हणजे तो पत्ता कोणत्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत येतो, हे सर्व लिहिल्याशिवाय नमुना पुढे जाऊ देत नाही. आरोपी कंपनी असेल, तर तिला अटक करता येत नाही. वॉरंट संचालकाच्या नावानेच, आणि तो संचालक फिर्यादीत आरोपी असेल तरच, निघते. नुसते ‘संचालक’ असे पद लिहून दिलेला नमुना मी दोनदा परत आलेला पाहिला आहे.

बाकीच्या जागांसाठी रघुवंश देवानचंद भसीन विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा ९ सप्टेंबर २०११ चा निकाल हाताशी ठेवावा. रद्द झालेल्या अजामीनपात्र वॉरंटावरून मुंबईत झालेल्या अटकेतून ते प्रकरण उभे राहिले होते. त्यात सर्वोच्च न्यायालयाने जे निर्देश दिले, ते वाचताना नमुन्याची तपासणीच समोर येते: नमुना छापील आणि यंत्राने क्रमांक घातलेला असावा, खटल्याचा पूर्ण तपशील त्यावर असावा, पीठासीन अधिकाऱ्याची पूर्ण आणि वाचता येईल अशी सही असावी, न्यायालयाची संपूर्ण माहिती असलेला शिक्का ठळक उमटलेला असावा, वॉरंट नेमक्या अधिकाऱ्याच्या नावे असावे, आणि अंमलबजावणी होवो वा न होवो, ते कोणत्या तारखेपर्यंत परत यायचे, हे त्यावर नमूद असावे. प्रत्येक वॉरंटाची नोंद न्यायालयाच्या नोंदवहीत व्हायला हवी आणि तिचा क्रमांक वॉरंटाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात यायला हवा. पोलीस ठाण्यातही तशीच नोंदवही हवी. परतीची मुदत फार लांबची ठेवू नये, असेही तिथे सांगितले आहे, कारण पोलिसांच्या ताब्यात दीर्घकाळ राहिलेल्या वॉरंटाचा गैरवापर होण्याची शक्यता असते. रद्द केल्यास तो आदेश नोंदवून संबंधित अधिकाऱ्याकडे पाठवायचा आणि वॉरंट तात्काळ परत मागवायचे. आरोपीलाही आदेशाची प्रत द्यायची.

दाखल करण्याचा भाग तुलनेने सोपा आहे. अर्ज मंजूर होऊन रोजनाम्यात आदेश उतरला की आदेशिकेचे शुल्क त्याच दिवशी भरावे, कारण शुल्क भरल्याशिवाय आदेशिका निघत नाही आणि वाजवी मुदतीत ते न भरल्यास फिर्यादच काढून टाकण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्याला आहे. अनेक ठिकाणी पक्षकाराचे वकील नमुना भरून देतात आणि लिपिक तो आदेशाशी ताडून पाहतात. ही ताडणी आपणही करावी, विशेषतः रक्कम, जामीनदारांची संख्या आणि पुढील तारीख यांची. आरोपी दुसऱ्या जिल्ह्यातला असेल, तर वॉरंट तिथल्या अधिकाऱ्यांकडे पाठवून अंमलबजावणी करण्याची नव्या संहितेच्या कलम ८० आणि ८१ ची पद्धत पाळली जात आहे ना, हेही पाहावे.

दोन्हींत निवड करायची झाली, तर पहिल्या गैरहजेरीला मी जामीनपात्र वॉरंटच मागतो, पण जामिनाची रक्कम धनादेशाच्या रकमेच्या मानाने गंभीर वाटेल इतकी आणि मुदत तीन-चार आठवड्यांची सुचवतो. तारखेच्या आठवडाभर आधी संबंधित पोलीस ठाण्यातल्या समन्स-वॉरंट अंमलदाराकडे वॉरंट पोहोचले की नाही, हे विचारून घेतो; न पोहोचल्यास जावक क्रमांक दाखवून त्याच दिवशी न्यायालयाच्या लिपिकांना सांगतो. तारखेला अहवालच आला नसेल, तर दुसरे वॉरंट मागण्याआधी अहवाल मागवण्याचा आदेश मागतो, कारण त्या अहवालाशिवाय अजामीनपात्र वॉरंटाच्या अर्जाला आधार राहत नाही.